वरचे वेढे तांब्याचे, आतला माल ॲल्युमिनियमचा

स्लॉट कारच्या, म्हणजे खाचेतून विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या ट्रॅकसाठी कल्हईची तांब्याची विणलेली पट्टी फोनवरून मागवणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मला विकलेल्या शंभर मीटरच्या रिळात वरचे थोडे वेढे खऱ्या तांब्याचे होते. आतला सगळा माल ॲल्युमिनियमचा, त्यावर तांब्याचा पातळ मुलामा आणि वरून कल्हई. आंब्याच्या पेटीत वरच्या थराला देवगड हापूस आणि खाली भलताच आंबा भरतात, तसलाच हा प्रकार. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, तो तसंही नाव बदलून धंदा करतो. पद्धत मात्र ओळखता येण्यासारखी आहे.

वेंगुर्ल्याला मेव्हण्याच्या बंद काजू कारखान्याची लांबलचक शेड मोकळीच होती. भाच्यांनी हट्ट धरला म्हणून तिथे दोन लेनची ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीचा ट्रॅक, करायला घेतली. खऱ्या ड्रॅग रेसचं अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. १/२४ मापाच्या गाड्यांसाठी त्याला चोवीसने भागायचं: १६.७६ मीटर, म्हणजेच ५५ फूट. आठ फुटी प्लायच्या सात पट्ट्यांत शर्यत उरकते, पुढे गाड्या थांबायला जागा लागते ती वेगळी. प्रत्येक लेनच्या खाचेला दोन्ही बाजूंनी गाडीला वीज पुरवणारी एकेक वाहक पट्टी, म्हणजे चार पट्ट्या मिळून नव्वद मीटरच्या वर माल लागतो.

वाहक कुठला घ्यायचा यावर मी बराच विचार केला होता. तयार प्लास्टिक ट्रॅकला लोखंडी रूळ असतात, कारण गाडीखालचं चुंबक त्याला धरून राहतं. पण लोखंडाचा रोध तांब्याच्या कित्येक पट, आणि आमच्याकडे श्रावण संपेपर्यंत त्याचा गंज पुसत बसावं लागेल. स्टेनलेस स्टील गंजत नाही, पण त्याचा रोध तांब्याच्या चाळीस पटींच्या घरात. चिकटणारी तांब्याची टेप स्वस्त आणि लावायला सोपी, फक्त हिशोब करून बघा. ६ मिलिमीटर रुंद आणि ३५ मायक्रॉन जाड टेप म्हणजे मीटरला सुमारे ०.०८ ओहम. जाऊन-येऊन ३४ मीटर धरले तर पावणेतीन ओहम होतात. मोटरने ३ अँपिअर खेचले की ८ व्होल्ट टेपमध्येच संपले, गाडीच्या वाट्याला काय उरणार? दर चार-पाच फुटांवर खालून जाड वायरीचा जोड दिला तरच टेप चालते.

अडीच चौरस मिलिमीटरच्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीत तेवढ्याच लांबीला साधारण पाव ओहम, म्हणजे पाऊण व्होल्टभर घट. निर्णय सोपा होता. फक्त उघडं तांबं खाऱ्या हवेत काळं पडतं, मग हिरवं होतं. म्हणून कल्हईची पट्टी हवी, आणि फसवणाऱ्याची सोय इथेच होते, कारण कल्हई चढली की सगळे धातू सारखेच पांढरे दिसतात.

फोनवर माणूस गोड. "दादा, माझी आजी मालवणची, तुम्हाला कसा फसवीन?" आधी हातभर नमुना पाठवला, तो अस्सल तांब्याचा. मग म्हणाला, "माल आला की लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर पैसे परत." ही त्याची खरी हुशारी. ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. तुम्हाला परीक्षा तोच सुचवतो आणि पास कुठे व्हायचं ते त्याला माहीत असतं. 'ऑक्सिजन फ्री', 'रेसिंग ग्रेड' असले शब्दही पेरले. ऑक्सिजन फ्री तांब्याने वाहकतेत फार तर टक्काभर फरक पडतो. रेसिंग ग्रेड हे काय असतं ते त्यालाच ठाऊक.

रीळ आलं ते जाडजूड लाकडी ड्रमवर, त्यामुळे हाताला जड. बाहेरचं टोक खरवडलं, तांबूस निघालं. जाळलं, लाल झालं पण वितळलं नाही. पट्ट्या बसवल्या.

गाड्या सुटायच्या जोरात आणि अर्ध्यावर मरगळायच्या. मी मोटरी तपासत बसलो. मग थोरल्या भाच्याने स्टार्ट लाइनपाशी बोट दाखवलं. गाडी सुटताना तिथे ठिणग्या उडतात. चारपैकी तीन पट्ट्यांवर तारांची टोकं वितळून चंदेरी बारीक गोळ्या झाल्या होत्या. सगळ्यात आधी बसवलेली, म्हणजे रिळाच्या बाहेरच्या टोकाची पट्टी तेवढी स्वच्छ. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. त्या चांगल्या पट्टीवरून नख फिरवत गेलो तर काही मीटरवर डाख देऊन लपवलेला जोड सापडला. त्याच्या पुढची एक तार लायटरवर धरली, लगेच गोळी होऊन पडली.

खात्री करायला साधा मल्टिमीटर ओहमवर लावून उपयोग नाही, एवढा कमी रोध त्याला नीट दिसत नाही. बारा व्होल्टची बॅटरी घ्या, हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये लावा आणि पट्टीतून साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जाऊ द्या. मग पट्टीच्या दहा मीटर अंतरावर व्होल्ट मोजा. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याला ०.३१ च्या जवळपास यायला हवेत. माझ्याकडे ०.४८ आले.

याहून सोपा उपाय वजनाचा. एवढ्या जाडीची तांब्याची पट्टी मीटरला २२ ग्रॅमच्या आसपास भरते, मुलाम्याचं ॲल्युमिनियम आठ-नऊ ग्रॅम. मीटरभर तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टाकला की निकाल लागतो. मात्र तुकडा रिळाच्या आतल्या टोकाचा हवा. ड्रमच्या भोकातून ते टोक बाहेर काढता येतं. मीटरचं वजन किती, हे विचारल्यावर जो विषय बदलतो त्याच्याकडून घेऊ नका. आमच्या इथला मोटर रिवायंडिंगवाला विचारायच्या आधी वजन सांगतो.

पैसे मागितले तर उत्तर आलं, "कापलेला माल परत नाही." आतला माल बघायचा तर रीळ उलगडून कापावंच लागतं, ते त्यालाही ठाऊक आहे. बिलावर 'वायर १०० मीटर' एवढंच, तांबं हा शब्दच नाही, जीएसटी नंबरही नाही. सुदैवाने चॅटमध्ये त्याने 'प्युअर कॉपर' असं लिहिलेलं आहे. ते स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि वजनाचे फोटो जपून ठेवलेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यातून काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. मेव्हण्याच्या फोनवर मात्र परवा त्याच रिळाचा तोच फोटो नव्या नावाने दिसला. आता माल 'मरीन ग्रेड' झालाय, खास किनारपट्टीसाठी, आणि खाली लिहिलंय: लोहचुंबक लावून खात्री करून घ्या.