१०५० टीआयवर घोस्ट ऑफ त्सुशिमा, पावसाळ्यापासून खेळायलोय

जुन्या ग्राफिक्स कार्डावर हा गेम चालतो काय, तर सरळ सांगतो, चालतंय. पण सगळं हायवर टाकून खेळणार असाल तर नाद सोडा. कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, म्हणजे २०१६ चा माल, आणि गेम पीसीवर आला मे २०२४ ला. मिनिममला जीटीएक्स ९६० लिहिलंय, तेपण ७२० पीला ३० एफपीएस (सेकंदाला ३० चित्रं). बेळगावातला दुकानवाला ऐकूनच 'आगंगिल्ल' (जमणार नाही) म्हणाला, नवीन घे म्हणे.

नवीन घ्यायचं तर नुसतं कार्ड घेऊन भागत नाही ना. माझा डबा, म्हणजे पीसी, ऑफिसातनं निघालेला, प्रोसेसर आय५ ६५००, पॉवर सप्लायला कार्डाला वीज द्यायची सहा पिनची वायरच नाही. १०५० टीआय ७५ वॅटवर चालतंय आणि तेवढं मदरबोर्डच्या स्लॉटमधनंच मिळतंय, म्हणून हेच कार्ड.

सेटिंग म्हणाल तर १०८० पी, व्हेरी लो आणि एफएसआर परफॉर्मन्सवर. म्हणजे आतनं चित्र ५४० पीच असतंय, एफएसआर ते ताणून मोठं करतंय. माळावर ४० च्या आसपास मिळतात, गावात शिरलो आणि आग-धूर असला की ३० च्या खाली. लांबचं गवत लई लुकलुकतंय, पहिले काही दिवस डोळ्याला खुपलं, आता चालतंय. एनव्हिडियाचं असंच चित्र मोठं करायचं डीएलएसएस विचारू नका, ते नव्या आरटीएक्स कार्डवाल्यांचं.

टेक्स्चरला (वस्तूंच्या पृष्ठभागाच्या बारकाव्याचं सेटिंग) मात्र हात लावू नका. एक पायरी वर चढवलं की सुरुवातीला मस्त वाटतंय, मग घोडा पळवताना मधेच अडकायलंय, कारण कार्डातली ४ जीबी मेमरी भरली की उरलेलं रॅममधनं ओढावं लागतंय आणि माझी रॅम होती ८ जीबी. १६ केल्यावर अडकणं बरंच कमी झालं, खरं सांगायचं तर सगळ्यात वसूल खर्च तोच.

आमच्या निपाणीत अजून एक भानगड. घराला लागून तंबाखूची वखार, त्यामुळं फॅनच्या पात्यावर तपकिरी थर बसतोय. टेंपरेचर ८० च्या वर जायला लागलं म्हणून कार्ड काढून ब्रश मारला तर घरभर शिंका, पण परत सत्तरीत आलं.

इंडियाना जोन्सचा नवीन गेम असल्या कार्डावर सुरूच होत नाही, त्याला रे ट्रेसिंगचं (उजेड-सावली खऱ्यासारखी दाखवायचं) हार्डवेअर कार्डातच पायजे, सेटिंग कितीपण खाली करा उपयोग नाही. आणि कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी कार्डाला लागणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, आता २०२८ पर्यंत नुसते सिक्युरिटीचे.

म्हणून खानापूरचा मावसभाऊ सेकंड हँड १०५० टीआय घेऊ काय विचारायलाय त्याला नको म्हटलं. असलेलं वापरावं, आता नव्यानं घेऊ नये. थोडे जास्त घालून जीटीएक्स १६५० बघ म्हटलं, तेपण ७५ वॅटचंच आणि ड्रायव्हर अजून येतात. फक्त त्यातपण सहा पिनवाली मॉडेल आहेत, पैसे पाठवायच्या आधी कार्डाच्या वरच्या कडेचा फोटो मागून घे, सहा पिनची जागा असली तर तिथं दिसेल.