समारंभातली स्वाहिली शिकवणारा दार-ए-सलाममधील एक वर्ग

नोकरी-व्यवसायानिमित्त दार-ए-सलामला येणाऱ्या मराठी कुटुंबांना बाजारापुरती स्वाहिली फारशी न शिकताही येऊ लागते. भाव विचारणे, रस्ता सांगणे, दुकानदाराचे आभार मानणे हे दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडते. खरी अडचण उभी राहते ती सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाचे बोलावणे आल्यावर किंवा शेजाऱ्यांकडे ईदला जायचे ठरल्यावर. नेमक्या याच प्रसंगांसाठी उपांगा भागात एक लहानसा खासगी वर्ग चालतो. मूळच्या तांगा या किनारी शहरातल्या एक निवृत्त शिक्षिका तो चालवतात आणि सगळे विद्यार्थी त्यांना येथील रीतीप्रमाणे ‘म्वालिमू’ म्हणतात. टांझानियात काही वर्षे राहायचे असेल त्यांनी हा वर्ग जरूर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वर्गात कोणतेही वाक्य एकटे शिकवले जात नाही. ते कोणाला म्हणायचे आणि त्यावर समोरून काय उत्तर येईल, हे पक्के झाल्याशिवाय म्वालिमू पुढे जात नाहीत. अभिनंदनाचा ‘होंगेरा’ हा शब्द कोणत्याही पुस्तिकेत सापडतो, परंतु नवरा-नवरी दोघे समोर उभे असताना ‘होंगेरेनी’ म्हणावे लागते आणि तसे म्हणताना आघात ‘गे’ या अक्षरावरून सरकून ‘रे’ वर जातो, ही गोष्ट कानाने ऐकून आणि पुन्हा पुन्हा म्हणूनच बसते. स्वाहिलीत आघात बहुतेक शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. त्यामुळे ‘करिबू’चे ‘करिबूनी’ किंवा ‘असांते’चे ‘असांतेनी’ करताना शब्दाची चालच बदलते. लग्नाला ‘न्दोआ’ म्हणताना मराठी माणूस नकळत आधी एक ‘इ’ लावतो आणि मूल या अर्थाच्या ‘म्तोतो’मधला सुरुवातीचा ‘म्’ पुढच्या अक्षराला चिकटवून टाकतो. म्वालिमू अशा चुका हसतमुखाने, परंतु न चुकता थांबवतात.

व्याकरणाचे तक्ते येथे जवळजवळ नाहीतच, आणि मला ते योग्य वाटले. देवाचा आशीर्वाद समोरच्या एका व्यक्तीसाठी मागताना ‘मुंगू अकुबरिकी’ आणि अनेकांसाठी मागताना ‘मुंगू अवाबरिकी’ म्हणायचे. नवजात बाळ पाहायला गेल्यावर ‘मुंगू अम्कुझे’, म्हणजे देव त्याला मोठे करो, असे म्हणायचे. ही तीन वाक्ये एकामागोमाग म्हटली की ‘कु’, ‘वा’ आणि ‘म्’ या मधल्या अक्षरांचे काम आपोआप ध्यानात येते. हीच गोष्ट ‘चांगला’ या अर्थाच्या विशेषणाची आहे. सुखी संसाराची शुभेच्छा ‘न्दोआ न्जेमा’ अशी असते, तर चांगले वर्ष ‘म्वाका म्वेमा’ आणि चांगले आयुष्य ‘माइशा मेमा’ होते. चांगला, चांगली, चांगले असे बदल रोज करणाऱ्या आपल्यासारख्यांना यात फारसे अवघड वाटत नाही.

वडीलधाऱ्यांना भेटताना अभिनंदनाआधी ‘शिकामो’ म्हणायचे आणि ‘माराहाबा’ हे उत्तर येईपर्यंत थांबायचे, हा क्रम म्वालिमू सर्वांत कडकपणे पाळायला लावतात. यजमानीण आपल्यापेक्षा लहान असली तरी तिच्या आईला आधी शिकामो केल्याशिवाय लेकीकडे वळू नये, हे त्या प्रत्यक्ष उभे करून दाखवतात.

वर्गाचा सर्वांत संपन्न भाग लग्नाचा आहे. दार-ए-सलाममधील लग्न म्हणजे केवळ एका संध्याकाळचा सोहळा नसतो. आधी ‘कमाती’ म्हणजे समिती बसते, नातेवाईक आणि सहकाऱ्यांकडून ‘म्चांगो’ म्हणजे वर्गणी गोळा होते, आणि दिलेल्या रकमेनुसार एकट्याचे किंवा जोडप्याचे कार्ड हाती येते. या बोलण्यात ‘लाकी मोजा’ हा शब्द कानावर पडला की मराठी माणूस चमकतो, कारण तो आपलाच लाख आहे. लाकी मोजा म्हणजे एक लाख शिलिंग. वधूसाठी बायकांची ‘किचन पार्टी’ होते, तिच्या माहेरची मंडळी ‘सेंड-ऑफ’ करतात, आणि मुख्य समारंभात अनेक ठिकाणी ‘न्दाफू’ म्हणजे अख्खा भाजलेला बोकड सजवून आणला जातो. किलिमांजारोच्या चागा लोकांची ही रीत आता इतरांकडेही दिसते. पाहुणे रांगेने नाचत पुढे जाऊन भेट देतात. त्या क्षणी संगीत आणि बायकांच्या ‘व्हिगेलेगेले’च्या, म्हणजे आनंदाच्या आरोळ्यांच्या, गजरात लांबलचक वाक्य ऐकू जात नाही, म्हणून ‘होंगेरेनी साना’ एवढेच मोठ्याने म्हणावे आणि सविस्तर शुभेच्छा जेवणाच्या टेबलावर द्याव्यात, हा म्वालिमूंचा सल्ला अतिशय उपयोगी ठरतो.

कार्डावरची वेळ वाचायलाही येथेच शिकवतात, आणि नवख्याला ते फार आवश्यक आहे. स्वाहिली घड्याळ दिवसाचे तास सकाळी सहापासून आणि रात्रीचे संध्याकाळी सहापासून मोजते. आपल्याकडे सूर्योदयापासून घटिका मोजत, तसेच हे. ‘सा मोजा उसिकू’ म्हणजे रात्रीचा एक नव्हे, तर संध्याकाळचे सात. लग्नानंतर चार-आठ दिवसांनी यजमान भेटले तर ‘पोलेनी ना शुघुली’ म्हणावे, म्हणजे एवढ्या मोठ्या कार्यात तुमची दमछाक झाली असेल, ही आपुलकी व्यक्त होते. असे वाक्य प्रवाशांच्या पुस्तिकांत मला कधीच आढळले नाही.

ईद, वाढदिवस आणि राष्ट्रीय सणांसाठी फार वेळ दिला जात नाही आणि त्याची गरजही नाही. ‘हेरी या’ म्हणून पुढे सणाचे नाव जोडले की नवीन वर्षापासून दिवाळीपर्यंत सगळीकडे काम भागते. ईदला मुलांना पैसे किंवा भेट देण्याच्या प्रथेला ‘म्कोनो वा इदी’ म्हणतात. ते आधी ठाऊक असल्यास दारात आलेल्या शेजारच्या मुलांपुढे आपली तारांबळ होत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सगळे शिक्षण किनारपट्टीच्या आणि शहराच्या रीतीभोवती फिरते. देशाच्या आतल्या भागातल्या सुकुमा किंवा हाया समाजांच्या लग्नांतील बोलणे जवळजवळ येतच नाही, आणि नैरोबीला बदली होणाऱ्यांना तेथील बोलीची तयारी वेगळी करावी लागेल. सरावासाठी दिलेल्या ध्वनिमुद्रणांत मागे रस्त्यावरचा आवाज येतो, त्यामुळे आघाताचे बारकावे घरी नीट ऐकू येत नाहीत. याहून मोठी उणीव म्हणजे लेखी भाषेकडे झालेले दुर्लक्ष. वर्गणीची आठवण, समितीच्या बैठकीची सूचना आणि आभाराचा संदेश हे सगळे आता फोनवर, तोडक्या शब्दांत येते, आणि ते वाचायला येथे शिकवत नाहीत. मी हे म्वालिमूंना सुचवले तेव्हा त्यांनी खरे संदेश वर्गात आणायला सांगितले. पुढच्या तुकडीत जाणाऱ्यांनी आपल्या फोनमधले असे चार-पाच संदेश, पाठवणाऱ्यांची नावे काढून, सोबत न्यावेत.