अ‍ॅग्फा क्लिक थ्री: आठ महिने, सहा रोल आणि एक पांढरी टिकली

अ‍ॅग्फा क्लिक थ्री या जुन्या, रोलवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा हा रिव्ह्यू खरं तर मला एका लॅबची अब्रू काढायला लिहायचा होता. चौथा रोल धुऊन स्कॅन होऊन आला आणि बारापैकी पाच फोटोंत अगदी मधोमध पांढरट गोल डाग! सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कमानीवर टिकली, आईच्या पदरावर टिकली, शेजारच्या म्हशीच्या पोटावर टिकली. रोल साडेनऊशेचा, धुलाई-स्कॅनिंग साडेचारशे, कुरिअर वेगळं. म्हणजे बटण दाबलं की एकशेसतरा रुपये गेले. मी फोनवर लॅबवाल्याला नको नको ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, डाग आमचा नाही, तुमच्या कॅमेऱ्याचा आहे." मला अजूनच राग आला.

कॅमेरा मामांचा. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला, माळ्यावर चामडी कव्हरात निजलेला. एकेकाळी घरोघरी हाच असायचा, त्यामुळे माहिती उगाळत नाही. 120चा रोल (म्हणजे पाठीला कागद असलेली रुंद फिल्म), बारा चौकोनी फोटो, ऊन आणि ढग अशा दोनच खुणा. फोकस नाही, सेल नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. माणसापासून चार ढांगा मागे सरकायचं, एवढंच पथ्य.

पहिले दोन रोल मी 400 स्पीडचे, म्हणजे उजेड पटकन टिपणारे घातले, जास्त स्पीड म्हणजे जास्त चांगलं असं समजून. शटरचा वेग एकच आणि तोही मंद, त्यामुळे उजेड नको तितका आत जातो. भर उन्हात निगेटिव्ह डांबरासारख्या काळ्या आल्या. तिसऱ्यापासून इलफर्डचा एफपी-4, 125चा. तिथून जीव रमला. फक्त कॅमेरा छातीशी घट्ट धरून, श्वास रोखून कळ दाबायची. हललात की सगळं पुसट. भाच्याचा एकही फोटो नीट नाही, कारण तो क्षणभरही एका जागी थांबत नाही.

आता टिकलीकडे. मागच्या बाजूला ती छोटी लाल काच असते, तिच्यातून कागदावरचा आकडा बघत रोल फिरवायचा. सात, मग तीन ठिपके, मग आठ. हा आकडा दिसतो असं ज्याने ठरवलं त्याचे डोळे गरुडाचे असावेत! फिकट करड्या अक्षरांत छापलेला, सावलीत दिसतच नाही. म्हणून मी काय करायचो, तर कॅमेरा उन्हाकडे धरून, चष्मा कपाळावर चढवून, निवांत फिरवत बसायचो. एकदा आठ हुकला आणि थेट नऊ आला. एकशेसतरा रुपये.

लॅबवाल्याशी भांडून आठवडा झाल्यावर डाग आलेल्या फोटोंची यादी केली. पाचही भर दुपारचे! मग ट्यूब पेटली. काच लाल आहे, कारण ही पद्धत सुरू झाली तेव्हाच्या जुन्या फिल्मला लाल उजेड दिसतच नसे. आजच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मला तो चांगलाच दिसतो. कागद थोडा उजेड अडवतो, पण उन्हात दोन-दोन मिनिटं काच उघडी धरली तर कागद तरी काय करणार? मामांच्या वेळचे, उटीला बनणारे 'इंदू' रोल उन्हात कसे वागायचे, ते विचारायला मामा नाहीत.

उपाय आठ रुपयांचा: काळी इन्सुलेशन टेप. काचेवर झडपेसारखी लावली. फिरवताना सदऱ्याखाली घेऊन तेवढीच उचलायची, मोबाइलचा मंद उजेड तिरका पाडायचा, लगेच बंद. पाचव्या आणि सहाव्या रोलमध्ये एकही टिकली नाही. सहाव्यात आई तुळशीपाशी उभी आहे. कडेला फोटो थोडा विरघळल्यासारखा, मध्ये चेहऱ्यावरच्या सुरकुत्या स्पष्ट. दहा मेगापिक्सेलच्या जमान्यातला माझा जुना डिजिटल कॅमेरा आता कपाटातच आहे.

तक्रारी अजून आहेत. डोळ्याच्या खिडकीत दिसतं ते सगळं फोटोत येईलच असं नाही, त्यामुळे डोकी कापली जातात. वर थोडी जागा सोडत जा. फोटो काढल्यावर रोल फिरवायला विसरलात तर एकावर एक दोन फोटो, कॅमेरा अडवणार नाही. पण रोल संपल्यावर कागदाची पट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी जिभेने ओली करून चिकटवण्यात जी मजा आहे, तिचे पैसे मी मोजत नाही.

लॅबवाल्याला फोन करून माफी मागितली. तो हसला, पुढच्या रोलचं स्कॅनिंग फुकट करतो म्हणाला. कुरिअरचे ऐंशी रुपये मात्र त्याने घेतलेच.