हेडचं पोर्टिंग करून देतो म्हणाला आणि हेडच बदललं: 30,300 रुपये गेले

सरळ सांगतो. माझ्या रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 च्या हेडचं (सिलिंडरच्या डोक्यावरचा भाग, हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर जायच्या वाटा, म्हणजे पोर्ट, यातच) पोर्टिंग, म्हणजे त्या वाटा घासून मोकळ्या करून देतो म्हणून एका माणसाने माझ्याकडून 30,300 रुपये घेतले. पोर्टिंग केलंच नाही. वर माझं चांगलं हेड ठेवून घेतलं आणि भंगारातलं एक हेड तोंडाशी पॉलिश मारून माझ्या गाडीवर चढवलं. दीड महिना मी ती गाडी ‘बघ, आता कशी मोकळी चालते’ म्हणत मित्रांना देत होतो. लिहितानाही कान गरम होतात.

मी नवशिका नाही. घरी दोन टिप्पर होते, 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद पडेपर्यंत डिचोलीच्या रस्त्यावर चालले. उघडलेली इंजिनं मी शाळेत असल्यापासून बघतोय. विश्वास बसला तो म्हणूनच, कारण हा माणूस बोलत होता ते बरोबर होतं. व्हॉल्व्हखालच्या बाऊलमध्ये, म्हणजे वाटीसारख्या पोकळीत, आणि पोर्ट वळतं त्या आतल्या आखूड कडेला हवा अडते, खरं काम तिथलं. पोर्ट नुसतं मोठं केलं तर हवेचा वेग पडतो आणि खालचा पिकअप जातो. इनटेक, म्हणजे हवा-पेट्रोलचं पोर्ट, आरशासारखं करायचं नाही, पेट्रोल भिंतीवरून ओघळतं. एग्झॉस्ट, म्हणजे धुराचं पोर्ट, चकचकीत केलं तर काजळी कमी धरते. व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटला तीन कोन, 30-45-60. सगळं तोंडपाठ. कंपनीच्या 19.8 बीएचपी ताकदीवर किती वाढेल विचारलं तर म्हणाला, ‘‘दोन-अडीच. त्याहून जास्त सांगणाऱ्याकडे जाऊ नका.’’ या वाक्याला मी भुललो. थापाड्या मोठा आकडा सांगतो अशी माझी समजूत होती.

पैसे असे गेले. ॲडव्हान्स 12,000, यूपीआयने. चार दिवसांनी मोठ्या व्हॉल्व्हचे 9,500, तेही यूपीआयने, पण नंबर त्याच्या मेव्हण्याचा. तिथेच थांबायला हवं होतं. फ्लो बेंचवर (पोर्टमधून किती हवा जाते ते मोजणारं यंत्र) तपासायचे 1,800 रोख. शेवटी मजुरी 7,000 रोख, बिल नाही. बिल मागितलं तर ‘‘पात्रांव, काळजी करूं नाका, मागीर दितां.’’ म्हणजे साहेब, काळजी करू नका, नंतर देतो. दहा दिवसांचं काम चवथीमुळे लांबलं, मग पावसामुळे, मग लेथवाल्यामुळे. सव्वा महिना गेला.

आता ती गोष्ट, जी रात्री झोपू देत नाही. दोन वर्षांपूर्वी चोर्ला घाटात गाडी डाव्या अंगावर पडली होती. हेडच्या डाव्या बाजूच्या दोन फिनचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांचे) कोपरे तुटले होते, वरून दुसरी आणि तिसरी. गाडी धुताना फडकं दरवेळी तिथेच अडकायचं. गाडी न्यायला गेलो त्या दिवशी हात सवयीने तिथे गेला आणि फडकं अडकलं नाही. सगळ्या फिन अखंड. मी ते बघितलं, बोटाने चाचपलं आणि मनात काय आलं तर, वा, न सांगता वेल्डिंगसुद्धा करून दिलं! त्याला थँक्यू म्हणालो. 7,000 त्यानंतर मोजले, माझ्या हाताने. तुटलेलं ॲल्युमिनियम खुणेशिवाय सहसा जोडता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण सव्वा महिना गाडीशिवाय काढलेला माणूस गाडी समोर आली की डोळ्यांनी बघतो, डोक्याने नाही.

पहिले काही दिवस आवाज जड वाटला, तीच मला ताकद वाटली. मग सकाळी स्टार्ट केल्यावर निळा धूर. प्लग काढला तर तेलकट. केरीहून चोर्ला चढताना जिथे तिसऱ्या गिअरवर जायची तिथे दुसरा टाकावा लागला. शेवटी आमच्या जुन्या मिस्त्रीने हेड उतरवलं. इनटेकमध्ये टॉर्च धरली तर तोंडापासून साधारण दीड इंच आरसा, आणि त्यापुढे ओतकामाची खरबरीत कातडी जशीच्या तशी. साच्याच्या जोडाची रेघसुद्धा शाबूत, नखाला लागत होती. बाऊलला हत्यार लागलेलंच नाही. व्हॉल्व्ह व्हर्नियरने मोजले, कंपनीच्याच मापाचे. गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) इतके झिजलेले की व्हॉल्व्ह हातात हलत होता. पोर्टमध्ये रॉकेल ओतलं तर व्हॉल्व्हच्या कडेने दोन मिनिटांत खाली. ही रॉकेलची परीक्षा गॅरेजवाल्यासमोर, हेड चढवण्याआधी करून घ्या. फुकट आहे.

फ्लो बेंचचा कागदही खोटा. तसाच फसलेला एक मुलगा भेटला, त्याची पल्सर 220. त्याच्या आणि माझ्या कागदावर आकडे दशांशापर्यंत तेच. दोन वेगळी इंजिनं! आणि किती दाबाला मोजलं हे कुठेच नाही. साधारण 28 इंच पाण्याच्या दाबाला मोजतात. दाब लिहिलेला नसेल तर त्या सीएफएमला (मिनिटाला किती घनफूट हवा) काही अर्थ नाही. हे वाचता येणारा मी, आणि तो कागद मी लॅमिनेट करून घेतला.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या ठाण्यात म्हणाले, काम जिथे झालं तिथे जा. तिथे म्हणाले, पैसे जिथून पाठवले तिथे जा. तीन फेऱ्यांनंतर एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, हा दिवाणी मामला. हेड बदललं ही चोरी नाही का, विचारलं. तर तो म्हणाला, हेडवर नंबर आहे का? मी म्हणालो, नाही, इंजिन नंबर क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या कवचावर) असतो. तो म्हणाला, मग तुमचं हेड कुठलं हे कसं ठरवणार? मी तुटलेल्या फिनचा जुना फोटो दाखवला, त्याने बघितलासुद्धा नाही. वर मलाच दम, गाडीत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली बंदी आहे, तुमच्यावरच केस होईल. वाहतूक खात्याच्या ऑफिसात सांगितलं, गॅरेज आमच्याकडे येत नाही. अहो, घटकाभर धरू की माझी चूक झाली. म्हणून माझा माल पळवायची त्याला परवानगी मिळते का? अर्ज घ्या, पोच द्या, एवढंच मागत होतो. पोचसुद्धा तिसऱ्या दिवशी, तीही तारखेशिवाय. असल्या माणसांचं फावतं ते याच टोलवाटोलवीमुळे.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयचे 21,500 दाखवता येतात, रोखीचे 8,800 कशाने दाखवू? रोख देऊच नका. हेड देताना आतल्या बाजूला पंचने खूण करा, फोटो काढा, आणि उतरवलेलं हेड त्याच्याकडे सोडण्याआधी कागदावर सही घ्या. काम झाल्यावर मॅनिफोल्ड (इनटेकला जोडायची नळी) चढवण्याआधी स्वतः बोट घालून बघा. ‘‘गॅस्केट सेट झालंय, आता उघडायचं नाही’’ म्हणाला तर उघडायलाच लावा.

दुसरं हेड, गाइड, लेथ आणि मजुरी धरून आणखी 14,650 गेले. एकूण 44,950. ते खोटं हेड पोत्यात बांधून ठेवलंय, मिस्त्री म्हणाला फेकू नका. क्लासिक 350 चं हेड, डाव्या बाजूच्या वरून दुसऱ्या-तिसऱ्या फिनचे कोपरे तुटलेले, असं कुणाकडे विकायला आलं तर विकत घेऊ नका. फोटो काढा आणि मला कळवा.