‘संगीत द्रौपदी’ची पदं: काही महिने ऐकल्यानंतर

नाटककार कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ या संगीत नाटकांमधली पदं आजही मैफलीत हमखास येतात. त्याच खाडिलकरांचं ‘द्रौपदी’ मात्र मागे पडलं. गंधर्व नाटक मंडळीनं १९२० साली ते रंगभूमीवर आणलं, तेव्हा मयसभेच्या देखाव्यावर अफाट खर्च केला होता. तो देखावा कधीच गेला. बालगंधर्वांच्या तबकड्या तेवढ्या राहिल्या, आणि त्यांवरून उतरवलेल्या पदांचा एक संच मी पावसाळ्यापासून ऐकतोय.

संचात प्रत्येक पद दोन प्रकारे आहे, जसंच्या तसं आणि खरखर काढून. साफ केलेलं पहिल्यांदा कानाला बरं वाटतं. पण हेडफोन लावून दोन्ही लागोपाठ ऐका. ‘थाट समरिचा’मध्ये ‘स’, ‘च’ असे वर्ण बोथट झालेत, शब्दाआधीचा श्वास तर गायबच. कारण साधं आहे. सुईची खरखर आणि या वर्णांची धार दोन्ही आवाजाच्या वरच्या भागात असतात. एक कापायला गेलं की दुसरंही कापलं जातं. बालगंधर्वांच्या गाण्याचा जीव शब्द टाकण्यात आहे आणि नेमका तोच पुसट होतो. मूळ तबकडीची खरखर थोडा वेळ खुपते खरी, पण एकदा स्वर लागला की कान आपोआप तिच्या पलीकडे जातो.

वेगाचंही बघायला हवं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्याच जुन्या तबकड्या काटेकोर त्या वेगानं ध्वनिमुद्रित झालेल्या नसत. या संचातली दोन-तीन पदं मला सरळसरळ पळतायत असं वाटतं. अशा वेळी पट्टी चढते, आवाज चिरका होतो आणि नवा श्रोता म्हणतो, ‘बालगंधर्व असे गायचे?’ अ‍ॅपमध्ये वेग किंचित उतरवून बघा. आवाजाला एकदम गोलाई येते.

पदं तीन-साडेतीन मिनिटांत संपतात, याला संच काढणाऱ्यांचा इलाज नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू तेवढीच. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत फुलणारं पद इथे घाईनं आटोपतं, शेवटची तान तर अक्षरशः कोंबलेली वाटते.

खरी तक्रार माहितीबद्दल आहे. ना ध्वनिमुद्रणाचं साल, ना तबकडीचा क्रमांक. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत गायक भोंग्यासमोर गात असत. साल कळलं असतं, तर आवाजातला कोरडेपणा गळ्याचा की यंत्राचा, हे ठरवता आलं असतं. पद कुठल्या प्रवेशातलं, हेही दिलेलं नाही. मी नाटकाची संहिता शेजारी उघडी ठेवून ऐकतो. संतापाच्या प्रसंगातलं पद नुसतं गोड म्हणून ऐकलं, तर त्यातलं निम्मं हाती लागत नाही.

एवढं असूनही संच जरूर घ्या. साफ केलेल्या फायली मी फोनमधून काढून टाकल्यात.