१०० वॅटचा बास कॉम्बो : १६ महिन्यांच्या वापरानंतर

१० इंची एकाच स्पीकरचा, बास गिटारसाठीचा हा कॉम्बो (अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात) मी १६ महिने वापरतो आहे. अकराव्या महिन्यात, गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात, त्याची व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, जळाली. वॉरंटीचा एक महिना शिल्लक असूनही 'बासचा नॉब पूर्ण फिरवून वाजवले' या कारणावरून सर्व्हिस सेंटरने दावा फेटाळला आणि स्पीकर मला माझ्या खर्चाने बदलून घ्यावा लागला. नॉब मी फिरवला होता हे खरे आहे. परंतु ड्रम्ससमोर आपला स्वर आपल्यालाच ऐकू येत नसेल, तर वादक दुसरे काय करणार?

तेव्हा वॅट कमी पडतात असे वाटून मी ३०० वॅटचा अ‍ॅम्प घ्यायला निघालो होतो. पण तिप्पट वॅटने पाच डेसिबलही वाढत नाहीत, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. एवढ्यासाठी इतके पैसे घालवणे मला पटेना. मग माहितीपत्रक पुन्हा वाचले. वॅटचा आकडा ठळक अक्षरांत होता आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक शक्तीवर स्पीकर किती मोठा आवाज देतो ते) शेवटच्या ओळीत, बारीक टायपात : एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, ९२ डेसिबल. खरेदीपूर्वी मी हीच ओळ वाचायला हवी होती, आणि विक्रेत्यानेही ती दाखवायला हवी होती.

त्यानंतर मी ९८ डेसिबलचे, १२ इंची जुने कॅबिनेट (नुसत्या स्पीकरचे खोके) घेतले आणि आतला स्पीकर काढून अ‍ॅम्प त्याला जोडला. सहा डेसिबल म्हणजे चौपट वॅट. मात्र आतला स्पीकर ४ ओहम रोधाचा आणि कॅबिनेट ८ ओहमचे असल्यामुळे अ‍ॅम्प आता सुमारे ६० वॅटच देतो. तरीही निव्वळ फायदा जवळजवळ चार डेसिबल, म्हणजे जुन्या स्पीकरला २४० वॅट दिल्यासारखा. पहिल्याच तालमीत ड्रमरने मला आवाज कमी करायला सांगितले.

दोन महिने मी सेन्सिटिव्हिटीच्या आकड्याचीच स्तुती करत होतो. आता मत थोडे बदलले आहे. बासच्या सर्वांत जाड, ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा आहे आणि तिथे हे कॅबिनेट पातळ पडते, कारण लहान खोके, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनला, म्हणजे स्पीकरच्या पडद्याला, चौपट अंतर हलावे लागते. म्हणूनच कोनचे क्षेत्रफळ महत्त्वाचे ठरते. १२ इंची कोनचे ते १० इंचीच्या सुमारे दीडपट असते. माझी जळालेली कॉइलही बहुधा याच ओढाताणीत गेली.

सध्या मी तसेच दुसरे ८ ओहमचे कॅबिनेट शोधतो आहे. दोन्ही समांतर जोडली की भार ४ ओहम होईल, अ‍ॅम्पचे पूर्ण १०० वॅट मिळतील, क्षेत्रफळ दुप्पट होईल आणि एकूण सुमारे पाच डेसिबलची भर पडेल, तीही नवा अ‍ॅम्प न घेता.