फेल्टचा फळा की फेल्टचं पुस्तक?

फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड, लवदार कापडाच्या शीट आणून झाल्यात, कात्रीला धार लावून झालीये, आणि आता गाडी अडलीये ती एवढ्यावरच: लहान मुलाला खेळता खेळता मोजायला शिकवायचं तर पानापानांचं पुस्तक शिवायचं, की फळा करून सुटे तुकडे कापायचे? गेल्या महिन्यात दोघांनी मला हेच विचारलं. माझ्या घरी दोन्ही आहे. पुस्तक शिवलं तेव्हा लेक तीन वर्षांची होती, फळा त्यानंतर वर्षभरानं केला. अनुभव एका घरातला आणि एकाच मुलीचा आहे, तेवढं धरून वाचा.

दिसायला पुस्तक सरस, त्यात वादच नाही. आठ पानं, कडेनं काजाचा टाका, एका पानावर झाडाला वेल्क्रोनं डकवलेले दहा पेरू, दुसऱ्यावर पाच बटणांचं फूल, तिसऱ्यावर जोड्या लावायला वाळत घातलेले मोजे. पाहुणे आले की तेच उचलतात. आईनं तर ते शेजारीपाजारी फिरवून आणलं. फळा म्हणजे पुठ्ठ्यावर ताणून बसवलेलं गडद हिरवं फेल्ट, आणि बिस्किटांच्या डब्यात कोंबलेले त्रिकोण, चौकोन, बोरं, पानं. त्याचं कौतुक अजून कोणी केलेलं नाही. पुस्तकाला माझे सहा रविवार गेले. फळा एका संध्याकाळी उभा राहिला, तुकडे मात्र अजून कापतोच आहे.

आता वेल्क्रोकडे येतो.

मे महिना, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस. सोलापुरात अशा दुपारी अडीच वाजता गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. कूलरसमोर आई आडवी झालेली, आणि तिच्या उशाशी बसून लेक पेरू तोडतेय. चर्र. चर्र. चर्र. या प्रकाराला ‘क्वाएट बुक’ म्हणतात, म्हणजे मुलाला गप्प बसवणारं पुस्तक! आई डोळे न उघडताच म्हणाली, “काय फाडायलीस गं बाई?”

आवाज मी सहन केला असता. पण जवळ बसून पाहिलं तेव्हा कळलं, मोजणं त्यात कुठेच नव्हतं. तिला पेरूशी देणंघेणं नव्हतं, तो चर्र हवा होता. दहा पेरू भराभर उपटायचे, भराभर डकवायचे, परत उपटायचे. चार पेरू मांडीवर असताना विचारलं, “झाडावर किती राहिले?” तर मान वर न करता, “दहा.” ते पान दहाचं, हे तिला पाठ झालं होतं. फुलाचं पान पाचाचं, बेडकांचं तीनाचं. पुस्तकात उत्तर आधीच शिवून टाकलेलं असतं, मग मूल कशाला मोजेल?

उपाय करून पाहिले. वेल्क्रो लहान कापला तर पेरू आपोआप गळायला लागले. टिचबटणं लावली तर तिच्या बोटांना दाबवेनात, आणि ओढताना फेल्टच फाटलं. वरून वेल्क्रोच्या काटेरी बाजूत फेल्टची लव अडकून तीन-चार महिन्यांत राखाडी लोकर जमते. ती टाचणीनं उकरायचं काम घरात कोणाकडे आलं असेल, ते सांगायला नको.

फळ्यावर वेल्क्रो लागत नाही. मऊ फेल्टवर मऊ फेल्ट ठेवलं की लवेत लव गुंतते आणि तुकडा बसतो. उपटण्यात काही मजाच नाही. मग तुकड्यांचं करायचं काय, तर मांडायचे, आणि मांडले की मोजायचे. निदान आमच्याकडे तरी असंच झालं.

सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा बघून आल्यावर तिनं नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, मागितले. सात लांब पट्ट्या कापल्या. सिद्धेश्वरांचे नंदीध्वज सात, हे तिनं माझ्या खांद्यावर बसून मोजलेलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सहाच उभे. “एक यायचाय अजून,” तिनंच सांगितलं (सातवा दिवाणाखाली होता). मग मी मुद्दाम ते जवळजवळ मांडले, लांब लांब पसरले, उलट्या टोकाकडून मोजायला लावले. पसरल्यावर सुरुवातीला ती ठामपणे “आता जास्त झाले” म्हणायची. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेनं मुलांपुढे अशाच रांगा मांडून हेच पाहिलं होतं: रांग लांब दिसली की लहान मुलाला वस्तू वाढल्यासारख्या वाटतात. आमच्याकडे हे कोडं महिनाभर चाललं. शिवलेल्या पानावर रांग लांबवणार कशी?

आणि एकोणीस. फळ्यावर दहा-दहा घरांच्या दोन ओळी मी पांढऱ्या दोऱ्यानं टाचल्यात. वीस घरांत एकोणीस बोरं ठेवली की एक घर रिकामं दिसतं, आणि शब्दही तेच सांगतो: विसाला एक उणा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘बावीस’च्या जागी ‘वीस दोन’ आलं तेव्हा घरोघरी वाद झाले. त्यात मी पडत नाही. पण एकोणतीसमध्ये विसाचं नाव नसून तिसाचं असतं, इथं मुलं अडखळतात हे खरंच, आणि ते रिकामं घर तिथं कामाला येतं.

फळ्याची दुखणीही आहेत. तुकडे हरवतात, रोज हरवतात. आपल्याकडे मार्च ते जून पंखा बंद ठेवणं शक्य नाही, आणि पंख्याखाली छोटे तुकडे उडतात. म्हणून पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा लहान कापू नका आणि फळा सरळ उभा न करता भिंतीला कलता ठेवा. शीट घेताना वाकवून बघा. दुकानदार मऊला आणि कडकला दोन्हीला फेल्टच म्हणतो, पण कडक तुकडा फळ्यावरून घसरतो. मी पहिल्यांदा कडकच आणलं होतं. टॉवेलच्या गावात राहून फेल्ट कशाला, म्हणून टेरी टॉवेलचा सेकंडमधला, म्हणजे खोट असलेला तुकडाही पुठ्ठ्यावर ताणून पाहिला. बोरं खाली. वेल्क्रो लावला तर टॉवेलचे लूप उपसून आले. आई म्हणते, मोजायला चिंचोके काय वाईट? वाईट नाहीतच, फुकटही आहेत. फक्त कलत्या पुठ्ठ्यावर थांबत नाहीत, आणि घरात तोंडात घालणारं धाकटं असेल तर नकोत.

तुमचं मूल दोन-अडीच वर्षांचं असेल, बटण लावणं आणि जोड्या जुळवणं एवढंच हवं असेल, तर पुस्तकाला नाही म्हणणार नाही. प्रवासात तर तेच बरं. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये मांडीवर फळा घेऊन कोण बसणार? पुण्याला जाताना आम्हीही पुस्तकच नेतो. भेट द्यायचं असेल तरी पुस्तकच द्या, फळा दिला तर लोक कंजूष म्हणतील.

पण साडेतीन-चारच्या पुढचं मूल असेल आणि रविवार मोजकेच असतील, तर मी आधी फळ्याला हात घालीन.

आमच्या पेरूंच्या मागचा वेल्क्रो गेल्या दिवाळीत उसवून टाकला. झाड पुस्तकातच आहे, मोकळं. पेरू फळ्याच्या डब्यात गेले. दहातले नऊ आहेत.